टेस्टोस्टेरॉनचे जेल: औषध उत्तम, सूचना अपुऱ्या

बेळगावच्या हार्मोन-तज्ज्ञ डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी रक्त तपासून, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची पातळी खरोखरच कमी असल्याची खात्री करून घेतल्यावर मला एक टक्क्याचे जेल लिहून दिले. पाच ग्रॅमच्या पुडीत 50 मिलिग्रॅम औषध असते. इंजेक्शनपेक्षा ते मला पुष्कळ सोयीचे वाटते आणि गुणही आला आहे.

माझी तक्रार आहे ती सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल. ते इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले आहे. खानापूर किंवा निपाणीकडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने ते कसे वाचायचे? ज्या मेडिकलमधून मी पहिल्यांदा जेल घेतले, तेथेही पुडी हातात ठेवण्यापलीकडे कोणी काही सांगितले नाही. टिळकवाडीतील दुसऱ्या दुकानातील फार्मासिस्टने मात्र डॉक्टरांची चिठ्ठी पाहून पहिला प्रश्न विचारला, ‘काका, घरात लहान मूल आहे काय?’

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कातडीवर उरलेले औषध स्पर्शाने दुसऱ्याच्या अंगात जाते. अशा स्पर्शामुळे लहान मुलांच्या गुप्तांगाची वाढ होणे, अकाली केस येणे, हाडांचे वय पुढे जाणे असे प्रकार घडल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये या जेलवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे आंघोळ झाली की उघड्या अंगाने देवपूजेला बसण्याची रीत आहे आणि नातवंडे तेव्हाच खांद्यावर लोंबकळतात. जेलमध्ये अल्कोहोल असते, त्यामुळे ते ओले असताना निरांजन लावणेही धोक्याचे आहे. म्हणून पूजा आधी उरकावी, मग कोरड्या खांद्यांवर व दंडांवर जेल लावावे, लगेच साबणाने हात धुवावेत, जेल पूर्ण वाळू द्यावे आणि वर बाह्यांचा सदरा घालावा. त्यानंतर निदान पाच तास ती जागा भिजवू नये. कोणाला जवळ घ्यायचे असेल, तर आधी ती जागा साबणाने धुवावी. गरोदर सुनेने किंवा लेकीने माझे उतरवलेले कपडे हाताळू नयेत, इतकी काळजी मी घेतो.

प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्यांसाठी हे औषध नाही. ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनीही ते टाळावे, कारण त्याने शुक्राणूंची निर्मिती घटते. जिममधील मित्राच्या सांगण्यावरून ते घेणाऱ्या तरुणांना ही गोष्ट कोणीतरी स्पष्ट सांगायला हवी. रक्त दाट होते काय, हे पाहण्यासाठी हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातील लाल पेशींच्या प्रमाणाची, तपासणी ठरावीक काळाने करावी लागते आणि तो 54 टक्क्यांच्या वर गेल्यास डॉक्टर औषध थांबवतात.

औषधाला मी पाचपैकी चार तारे देतो. उरलेला एक, मराठी व कन्नड सूचना पुडीसोबत मिळू लागतील तेव्हा देईन.