जुन्या ट्रकला २४ व्होल्टचा इलेक्ट्रिक डिझेल पंप: घ्यावा की नको?

नाशकात थंडी उतरली की जुन्या ट्रकवाल्याला कोणीतरी ही चौकोनी डबी सुचवतंच. टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा इंजिनवरचा छोटा पंप) यांच्यामध्ये बसवा, सकाळी गाडी एका सेल्फमध्ये स्टार्ट घेईल, असा वायदा. तो अर्धा खरा आहे. ज्या गाडीच्या लाईनमधलं डिझेल रात्रीत उतरतं, तिला हा पंप नक्की मदत करतो. पण डिझेल उतरलं का, हे तो सांगत नाही, उलट झाकून टाकतो. इथे लिहिलंय ते इनलाइन पंपाच्या जुन्या गाड्यांबद्दल, म्हणजे फीड पंप मुख्य पंपाच्याच (नोझलना दाबाने डिझेल देणाऱ्या) अंगावर, त्याला हाताने मारायचा प्रायमर आणि पुढे फिल्टर. कॉमन रेलच्या गाडीला ही डबी लावायच्या भानगडीत पडू नये.

पैसे घालवण्याआधी एक फुकटची तपासणी करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ न मारता प्रायमरची मूठ सोडा आणि हाताला कडक लागेपर्यंत पंप करा, मग मूठ परत घट्ट आवळा. आता गाडीने लगेच स्टार्ट घेतला, तर दुखणं लाईनमध्ये आहे. प्रायमर पहिल्या दोन-चार दाबातच कडक झाला आणि तरीही गाडी नुसती फिरत राहिली, तर लाईन भरलेली आहे आणि हा पंप तुमच्या कामाचा नाही.

दुसरी खूण सायलेन्सरवर. सेल्फ फिरताना धूर अजिबात नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोचत नाही. पांढरा धूर भरपूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण जळत नाही. तिथे नोझलचा फवारा, टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा सेल्फचा वेग बघावा लागतो. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर १८-१९ व्होल्टच्या खाली आकडा जात असेल, तर आधी बॅटरी, अर्थिंग आणि सेल्फच्या केबल्स बघा. इंजिन हळू फिरलं की दाबलेली हवा पुरेशी तापत नाही. निफाडकडे पारा पाच अंशांखाली गेलेल्या पहाटे हा फरक जास्तच जाणवतो.

धूर नसण्याचं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची, केबल. गंजलेली केबल पूर्ण परत येत नाही, पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) बंदच्या बाजूला अडकून राहते आणि माणूस फिल्टर बदलत बसतो. पंपावरचा स्टॉपचा लिव्हर हाताने ढकलून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता मुख्य रोग. टाकी चेसिसला खाली, पंप वर. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ओढीवर चालते, त्यामुळे तिथे फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणूनच सगळं कोरडं दिसतं आणि तरी गाडी एअर घेते. रात्री त्या फटीतून हवा शिरली आणि फीड पंपाचे वॉल्व्ह कचरा अडकून नीट बसत नसले, की लाईनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं. बंजो बोल्टची (पाईप जोडायच्या पोकळ बोल्टची) तांब्याची वायसरं, प्रायमरच्या मुठीखालचं सील, जाळीच्या वाटीचं पॅकिंग, क्लिपखाली चिरलेला रबरी पाईप आणि टाकीतली उभी नळी, एवढ्या जागा एकेक करून बघायच्या. वायसर एकदा दबलं की ते परत बसवू नये. अगदीच इलाज नसेल तर लालबुंद तापवून पाण्यात विझवा, मऊ होतं.

फट सापडत नसेल तर फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक पाईप जोडा. इंजिन चालू असताना बुडबुडे दिसले की हवा त्या पाईपच्या मागून, टाकीच्या बाजूने, येतेय. मग टाकीची लाईन सोडून नव्या पाईपने पाच लिटरच्या कॅनमधून डिझेल द्या. कॅन टाकीच्याच उंचीला ठेवा, वर टांगलात तर उताराने डिझेल येईल आणि चाचणी फसेल. कॅनवर बुडबुडे थांबले आणि दुसऱ्या सकाळी गाडीने पटकन स्टार्ट घेतला, तर टाकी ते पंप ही लाईनच दोषी.

गंमत अशी की इलेक्ट्रिक पंपाचा आमच्या मते सगळ्यात चांगला उपयोग इथेच आहे. तो टाकीजवळ लावून चालू केला की पुढची लाईन ओढीवरून दाबावर येते आणि जिथून हवा शिरत होती तिथून डिझेल झिरपायला लागतं. कोरड्या फडक्याने जोड पुसून ठेवा, ओला होईल तो गुन्हेगार. हेच कायमचं ठेवलं तर मात्र चालत्या गाडीत डिझेल गळणार, आणि सायलेन्सर जवळ असेल तर आगीला आमंत्रण.

कायमचा, सतत चालणारा पंप लावायला आमचा विरोध आहे, त्याचं आणखी मोठं कारण ऑइल. जुन्या फीड पंपाच्या दांड्याचं सील झिजलेलं असतं, मुख्य पंपाचे एलिमेंटही (डिझेल दाबणारे दट्टे). त्यांच्यावर दिवसभर जादा दाब राहिला की डिझेल पंपाच्या ऑइलमध्ये उतरतं आणि ज्या पंपाला इंजिनचं ऑइल फिरतं तिथे थेट इंजिनच्या ऑइलच्या चेंबरमध्ये. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढली, ऑइल पातळ झालं, डिझेलचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवा. बेअरिंग जातात, आणि पातळी फारच वाढली तर इंजिन तेच ऑइल जाळत पळत सुटू शकतं.

म्हणून बसवायचाच तर बटणावर बसवा. स्टार्टआधी २०-३० सेकंद बटण दाबायचं, सोडायचं, मग सेल्फ. टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला, बाण इंजिनकडे, आधी बारीक जाळी, रबरी बुशवर. ५ अँपिअरचा फ्यूज, अर्थ घासून स्वच्छ केलेल्या चेसिसला. पंप बंद असताना फीड पंपाला त्याच्यातून डिझेल ओढता आलं पाहिजे. विकत घेताना तोंडाने हळू फुंकून बघा, हवा आरपार जात नसेल तर शेजारून वन-वे वॉल्व्हची बायपास लाईन द्यावी लागेल.

डबीवर ४ ते ७ पीएसआय (दाबाचं माप) आणि डिझेल असं लिहिलेलं हवं. नुसता पेट्रोलचा पंप नको. त्याहून वाईट जुगाड म्हणजे १२ व्होल्टचा पंप घेऊन दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढणं. एक बॅटरी जास्त रिकामी होते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात.

कसाऱ्याचा चढ चढताना लोडवर गाडी ओढत नाही म्हणून हा पंप घेणाऱ्यांची निराशा होईल. तिथे फिल्टर, टाकीचं बंद झालेलं हवेचं छिद्र आणि मुख्य पंपाच्या परतीच्या लाईनवरचा ओव्हरफ्लो वॉल्व्ह बघा. त्या वॉल्व्हची स्प्रिंग बसली की पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या पोकळीत) दाब टिकत नाही. पंप-लॅबमध्ये गॅलरीला गेज लावून दाब बघून घ्यावा, मगच कॅलिब्रेशनचा खर्च. नोझलही तिथेच टेस्टरवर, या इंजिनांत सुटण्याचा दाब साधारण २०० बारच्या घरात असतो, नेमका आकडा इंजिनच्या पुस्तकातला धरावा. फवाऱ्यासमोर हात नको, तो कातडीत घुसतो. नोझल बसवताना जुनं वायसर आतच राहिलं का ते बघा. दोन वायसरं एकावर एक बसली तर नोझल वर राहतं आणि फवारा भलतीकडे जातो. मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या, कारखान्यात नाशकातल्या सातपूरला नोझल बनत आली आहेत. त्या गावात बिनबिलाची नकली नोझल घेण्याचं कारण नाही.

थंडीत डिझेलमध्ये धरणाऱ्या मेणाचा प्रश्नही हा पंप सोडवत नाही. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलने फिल्टर तुंबण्याची मर्यादा उन्हाळ्यात १८ अंश आणि हिवाळ्यात ६ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे ऑक्टोबरात उन्हाळी मर्यादेचं डिझेल भरून उभी ठेवलेली गाडी जानेवारीत मेणाने अडू शकते, आणि पहिली तुंबेल ती या पंपाचीच जाळी. ताजं डिझेल भरा, फिल्टरखालचं पाणी सोडा, गरज पडल्यास फिल्टरवर गरम पाण्याचं फडकं ठेवा. टाकीखाली बोळा पेटवू नका. हवेच्या नळीत ईथरचा स्प्रेही नको, ग्लो प्लग किंवा हीटर असलेल्या इंजिनात तर मुळीच नाही.

आमचे गुण: गळती शोधायला पाचपैकी चार, बटणावर स्टार्टपुरता तीन, दिवसभर चालू ठेवायला शून्य. पहिल्यांदा तांब्याची वायसरं, प्रायमरचं सील, फीड पंपाची किट आणि टाकी ते पंप नवा रबरी पाईप एवढं बदला. त्यानंतरही सकाळी प्रायमर मारावा लागत असेल, तरच डबी घ्या.