खात्री करायला केलेला फोनही चोराकडेच गेला

जानेवारी २०२४. सोलापुरात गड्ड्याची यात्रा सुरू होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. सकाळी अकराच्या सुमारास मोबाइल वाजला. नंबर अनोळखी, पण कॉलर आयडीच्या अ‍ॅपने नाव दाखवलं: 'टेलिफोन ऑफिस कम्प्लेंट'. ते नाव वाचूनच मी फोन उचलला.

त्याला कारण होतं. आमच्या घरच्या लँडलाइनवर फोन करणाऱ्याचा नंबर दिसायचा, ते पंधरा दिवसांपासून बंद होतं आणि चारच दिवसांपूर्वी मी तक्रार दिली होती. समोरचा एवढंच म्हणाला, "साहेब, तुमची तक्रार पेंडिंग दिसतेय." मीच घाईने म्हणालो, "हो हो, कॉलर आयडीची." त्याला काहीच माहीत नव्हतं, सगळं मी पुरवलं, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगलं.

"सुविधा आत्ता चालू करून देतो, मोबाइलवरून एक कोड डायल करा," असं म्हणून त्याने *४०१* आणि पुढे दहा आकडे सांगितले. मी डायल केलं. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं. "झालं साहेब, नोंदणी झाली." दोन मिनिटांत संपलं. ओटीपी मागितला नाही, पैशाचं नावही काढलं नाही. त्यामुळे शंकेला जागाच राहिली नाही.

ते दहा आकडे म्हणजे त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर. त्या कोडने माझ्याकडे येणारे सगळे फोन त्याच्याकडे वळले. मग त्याने माझ्या नंबरने व्हॉट्सॲप उघडायला घेतलं आणि पडताळणीचा आकडा मेसेजऐवजी फोनवरून मागवला. तो सांगणारा फोन अर्थातच त्याच्याकडे गेला. माझं व्हॉट्सॲप बंद पडलं, पण मी लावलेले फोन लागत होते, इंटरनेट चालू होतं. नेटवर्कचा गोंधळ असेल म्हणून मी सोडून दिलं. यात्रेच्या दिवशी तीन तासांत मला एकही फोन आला नाही, याचंही भान राहिलं नाही.

तेवढ्या वेळात माझ्या नावाने नातेवाइकांना मेसेज गेले: 'दवाखान्यात आहे, ४०,००० लगेच पाठव, संध्याकाळी देतो.' बार्शीचा भाचा शहाणा पोरगा. पैसे पाठवण्याआधी खात्री करावी म्हणून त्याने मला फोन लावला. तो गेला चोराकडे. चोराने कट करून मेसेज टाकला, 'आत डॉक्टर आहेत, बोलता येत नाही.' भाच्याने पैसे पाठवले. ही गोष्ट मला अजून सलते. त्याने जे करायला हवं तेच केलं होतं.

पुढचं नुकसान टळलं ते लँडलाइनमुळे. अक्कलकोटच्या मेहुणीला मोबाइल लागेना, म्हणून तिने सोलापूरचा कोड ०२१७ लावून घरचा जुना नंबर फिरवला. फोन मीच उचलला. "भावजी, तुम्ही घरी? मग दवाखान्यात कोण आहे?" तिथे उलगडा झाला. ##००२# डायल करून फोन वळवणं बंद केलं, मग आईच्या डायरीतून नंबर काढून लँडलाइनवरूनच एकेकाला कळवत बसलो. भाच्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार दिली. त्याच्या पैशातले काही गोठवले गेले, बाकीचे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. चोराने व्हॉट्सॲपवर स्वतःचा पिन ठेवला होता, म्हणून मला ते उघडायला सात दिवस थांबावं लागलं. तो पिन, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, मी आधी ठेवला असता तर नुसत्या आकड्यावर त्याला आत शिरता आलं नसतं. तुमचा नसेल तर आजच ठेवा.

कॉलर आयडीवर माझा राग नाही, तो कामाचाच आहे. पण लँडलाइनच्या डब्यावर दिसतो तो एक्सचेंजकडून आलेला नंबर, आणि अ‍ॅपवर दिसतं ते लोकांनी किंवा त्या माणसाने स्वतःच लिहिलेलं नाव. मी दुसऱ्याला पहिल्याइतकाच मान दिला.

दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड डायल करून फोन वळवण्याची सोय बंद करायला लावली. तरी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' उघडून बघा. तिथे अनोळखी नंबर दिसला तर लगेच काढा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा मोबाइलही बघा, त्यांना ही सेटिंग असते हेच ठाऊक नसतं.

भाच्याचे उरलेले पैसे मी हप्त्याने देतोय. तो नको म्हणतो. घरचा लँडलाइन नंबर मात्र सगळ्या नातेवाइकांना कागदावर लिहून दिलाय.