साप, सिकलसेल, बोंडअळी: चॅटबॉट किती ठाम राहतो?

विदर्भातल्या खेड्यांत मोबाइलवरच्या फुकटच्या चॅटबॉटला आता काहीही विचारलं जातं. विज्ञानात पक्क्या झालेल्या गोष्टींवर तो ठाम राहतो का, एवढंच इथं पाहायचं आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात बॉट पास. उष्ट्यानं लागतो का, याला सरळ ‘नाही’. आजार आईबापाकडून येतो. दोघंही वाहक (स्वतः आजारी नसून आजार मुलाला देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका, हेही बरोबर. पण एक मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा अर्थ लोक काढतात. तो गैरसमज खोदून विचारल्याशिवाय दूर होत नाही.

सापाच्या बाबतीत प्रश्नाचा कल कळला की तो डगमगतो. ‘साप चावला, काय करू?’ याला उत्तर चोख: आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका, अंग हलवू न देता दवाखाना गाठा. ‘मंत्रानं विष उतरतं ना?’ असं विचारलं की ‘काहींची श्रद्धा असते’ अशी मिळमिळीत सुरुवात होऊ शकते. इथं दोन बाजू नाहीतच. मांत्रिकाकडं ‘बरे’ होणाऱ्यांना बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी सापानं विष सोडलेलंच नसतं. मण्यारीच्या दंशाला तर सूज-वेदना फारशी नसते. पुढं पापण्या जड होतात, श्वास अडतो. तोवर मंत्रात गेलेला वेळ जिवावर बेततो. साप ओळखायलाही थांबू नये, मारून सोबत तर मुळीच नेऊ नये: नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर इंजेक्शन एकच. सापाची जात आधी विचारणाऱ्या बॉटचे गुण कापावेत.

कपाशीच्या बोंडअळीत शिळी माहिती येते. बीटी म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी. ‘बीटीवर गुलाबी बोंडअळी येत नाही’ हे आता खरं नाही. 2006 साली आलेल्या दोन जनुकांच्या बीटीलाही ती पचवू लागली. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री दर सापळ्यात 8 पतंग सापडले तर फवारणीची वेळ झाली.

विचारताना आपलं मत प्रश्नात घालू नका. तोच प्रश्न नव्या चॅटमध्ये उलट्या कलानं टाका. उत्तर फिरलं तर भरवसा नको. बोलून टाइप केलं असेल तर ‘मण्यार’चं भलतंच झालं नाही ना, पाहा. दंश झाला असेल तर आधी 108. आणि फवारणीच्या औषधाचं प्रमाण बॉटनं सांगितलं म्हणून पंपात ओतू नका, डब्यावरचं लेबल वाचा.