तारकर्लीजवळचा सर्फिंग क्लास: शिकवतात झकास, वेळ मात्र पंचांग बघून ठरवा

नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रार पण आहे. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस मी, वय चाळिशीपार, बँकेतली बसून नोकरी, त्यामुळे सर्फिंग वगैरे आपल्यासाठी नाहीच असं घरच्यांचं ठाम मत होतं. तरी गेलो.

पहिला अर्धा तास पाण्यात सोडतच नाहीत. वाळूत बोर्ड ठेवायचा, पालथं पडायचं, हातांनी वल्हवायचं आणि मग तळहात बरगड्यांपाशी टेकून एका झटक्यात उभं राहायचं. हे एवढ्यांदा करून घेतात की गुडघ्यांना वाळूने सोलपटं निघतात. कंटाळा येतो पण करा, कारण पाण्यात विचार करायला वेळच मिळत नाही, लाट मागून आली की जे अंगवळणी पडलंय तेवढंच होतं. कुठला पाय पुढे ठेवायचा ते आधी विचारत नाहीत, बेसावध असताना मागून हलका धक्का देतात, जो पाय आपोआप पुढे पडला तो तुमचा. बोर्डला बांधलेली दोरी मागच्या पायाच्या घोट्याला.

बोर्ड नवशिक्यांचे असतात तसे, फोमचे, 8-9 फुटी. डोक्यात बसला तरी कपाळमोक्ष होत नाही एवढं खरं.

आता दमछाकीबद्दल. लोकांना वाटतं उभं राहणं अवघड, अहो उभं राहणं नंतर, आधी तो बोर्ड फेसाळ पाण्यातून आत न्यायचा असतो आणि दर लाट तुम्हाला परत किनाऱ्याकडे ढकलत असते, आणि हे सगळं खांद्यावर आणि पाठीवर. दहा मिनिटांत माझे हात असे झाले की बोर्ड सोडून कपाळावरचं पाणी पुसायला उचलवेनात. फोमला घासून बरगड्या लाल, नाकात खारं पाणी, आणि पडलो की दोरी घोटा खेचणार. शिकवणारा मुलगा देवबागचाच, विशीतला, माझी धडपड बघून म्हणाला, "काका, पाण्यावांगडा झगडू नका, ताच तुमका उचलतला." आणि दुसरं सांगितलं की पायाकडे बघायचं नाही, किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांकडे बघायचं. पायाकडे बघितलं की डोकं खाली आणि आपण पाण्यात. सुरूकडे नजर लावली आणि खरंच उभा राहिलो, दोनतीन सेकंद असतील, पण त्यात बोर्डखालून जो सर्रर्र आवाज येतो ना, त्यासाठी पैसे दिले असं समजा.

सेफ्टीला पूर्ण मार्क. कर्ली खाडी समुद्राला मिळते तिकडे अजिबात नेत नाहीत, पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे हात मारत दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं हे प्रत्येकाकडून वदवून घेतात. आमच्या सकाळच्या बॅचला मधेच मच्छीमार रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं, ओढायला आले, तर क्लास थांबवून मुलगा स्वतः दोराला लागला, मग आम्ही पण. एक पुण्याची बाई चिडली, तिचे वीस मिनिटं गेले म्हणून. मला तर बरं वाटलं, किनारा पहिला त्यांचा.

तक्रार आहे ती बॅचच्या वेळांची. चार वाजताची बॅच रोज चारलाच, समुद्र कसाही असो. माझी दुसरी बुकिंग नेमकी फुल भरतीच्या वेळेला आली, लाट आत फुटायच्या ऐवजी थेट किनाऱ्यावर आदळत होती आणि वर दुपारपासून समुद्राकडून येणारे खारे वारे सुटलेले, पाणी नुसतं खवळलेलं. नवशिक्यांना त्यात काय शिकवणार, तासभर नुसते आपटत होतो. पैसे परत मागितले तर "बॅच झाली ना" हे उत्तर. शिकवणाऱ्या मुलाचा यात दोष नाही, तो बिचारा काउंटरकडे बघून गप्प होता. समुद्रावर धंदा करायचा आणि घड्याळावर बॅचेस विकायच्या हे कोकणात तरी शोभत नाही. आपल्याकडे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, पंचमी असेल तर पावणेचार, एवढा हिशेब बुकिंगवाल्याला जमायला काय हरकत आहे?

तर बुकिंग करताना तिथी बघा, बॅचच्या वेळेला भरती फुल असेल ते दिवस टाळा आणि सकाळचीच बॅच घ्या, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा असतो तेव्हा लाट कशी नीट, गुळगुळीत येते. पावसाळ्यात सगळं बंद. अंगाला चिकटणारा फुल बाह्यांचा टीशर्ट स्वतःचा न्या, त्यांच्याकडचे ओले आणि कुबट असतात. आंघोळीला गोडं पाणी एकच नळ, रांग लागते. जायच्या आधी भरपेट घावणे खाऊ नका, पेज बरी. पोहता येत नसेल तरी घेतात, कारण कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे नेतच नाहीत, पण पाण्याची भीती असेल तर आधी नुसते डुंबून या.

5 पैकी साडेतीन. अर्धा कापला तो टीशर्टचा, एक काउंटरचा.