टेम्पोतलं ‘हापूस कलम’: फसवणूक कळते तेव्हा सात वर्षं गेलेली असतात

मृगाचे दोन-चार पाऊस होऊन माती भिजली की कोकणातल्या वाड्यावाड्यांतून रोपांचे टेम्पो फिरू लागतात. हौद्यात हिरवीगार रोपं, बाजूला लालभडक फळांचे फोटो आणि भोंग्यावर देवगड हापूस, बारमाही आंबा, तीन वर्षांत नारळ. गणपतीत पुन्हा तोच फेरा होतो. तेव्हा बंद घरं उघडलेली असतात, चाकरमानी आठ-दहा दिवस गावाला असतात आणि परसात एखादं झाड लावून जावं असं सगळ्यांनाच वाटतं. “वहिनी, मूळ झाडाचं कलम आहे, तिसऱ्या वर्षी फळ,” एवढं ऐकून पाच कलमं घेतली जातात. पावतीचा विषय निघत नाही आणि संध्याकाळी टेम्पो पुढच्या गावाला गेलेला असतो.

मोबाइल बिघडलेला निघाला तर दोन दिवसांत कळतं. कलमाचं तसं नाही. झाड वाढतं, पालवी येते, घरातली माणसं उन्हाळ्यात पाणी घालतात, गुरांपासून जपतात. पाचव्या वर्षीही मोहर नाही म्हणून खत वाढवतात. सातव्या-आठव्या वर्षी फळ धरतं आणि ते आंबट, दोरेवालं, बारकं रायवळ, म्हणजे बाठ्यापासून उगवलेल्या गावठी आंब्याचं, असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. उशिराचं कारण पटवून देता येतं, पण ज्याच्याकडे बिल नाही आणि विकणाऱ्याचं नावही नाही, तो तक्रार कोणाविरुद्ध करणार? म्हणून जी तपासणी करायची ती टेम्पोपाशीच, पैसे देण्याआधी.

हापूसच्या बाठ्यापासून उगवलेलं रोप हापूस नसतं. हापूसच्या बाठ्यातून एकच कोंब येतो आणि तो परागीकरणातून तयार झालेला असतो, त्यात मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून कलम लागतं. कोकणात जास्त चालतं ते कोय कलम. जून ते ऑगस्टमध्ये, बाठा रुजून दहा-पंधरा दिवस झालेल्या तांबूस पानांच्या रोपाचा शेंडा छाटतात, दांड्याला मधोमध चीर देतात आणि त्यात तीन-चार महिने वयाच्या हापूसच्या काडीची पाचर बसवून वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात. काडी झाडावरून काढण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं कापून ठेवतात, म्हणजे डोळे फुगतात.

एवढं ठाऊक असलं की खोटं ओळखता येतं. पट्टी सोडून दाखवायला सांगा. खऱ्या कलमात पट्टीखाली दोन्ही बाजूंना उतरती, निमुळती रेघ दिसते आणि तिथे दांडा किंचित फुगलेला असतो. सांध्याच्या खालची आणि वरची साल एकसारखी नसते. वरच्या काडीवर जवळजवळ बारीक खुणा असतात, त्या कापलेल्या देठांच्या. बनावट कलमात रायवळ रोपालाच ब्लेडची चीर मारून पट्टी बांधलेली असते. तिथे साल खालपासून वरपर्यंत एकाच रंगाची, गुळगुळीत, आणि देठांच्या खुणा नेहमीच्या अंतरावर. “पट्टी सोडली तर कलम मरेल” हे उत्तर मिळालं तर ते कलम घेऊ नका. वर दोन पालव्या येऊन जून झालेल्या कलमाला पट्टी सोडल्यानं काही होत नाही, उलट लावताना ती काढावीच लागते, नाहीतर दांडा जाड होताना पट्टी सालीत रुतते.

दुसरा प्रकार जास्त फसवा. कलम खरंच केलेलं असतं, पण वरची काडी सुकलेली असते आणि सांध्याखालून खुंटाचा, म्हणजे खालच्या मूळ रोपाचा, फुटवा वर आलेला असतो. टेम्पोत गच्च दाटीनं ठेवलेल्या पिशव्यांत ते पटकन लक्षात येत नाही. दांडा बोटांनी खालून वर चाचपत जा आणि हिरवी फांदी सांध्याच्या वरून निघते की खालून, ते पाहा. घरी लावलेल्या चांगल्या कलमाचंही असंच रायवळ होऊ शकतं, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं सांध्याखालचा प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच खुडायचा.

तिसरा प्रकार म्हणजे महिन्याभरापूर्वी बांधलेलं ताजं कलम. काडीत साठलेल्या अन्नावर चार पानं फुटतात, सांधा जुळलेला नसतो, आणि लावल्यावर पंधरा दिवसांत वरचा भाग काळा पडतो. माणसं समजतात, आपल्या हातानं मेलं. कलमानंतर निदान दोन पालव्या येऊन गेलेलं, साधारण वर्ष-दीड वर्षाचं झाडच घ्या.

चौथा प्रकार डोळ्यांनी ओळखता येत नाही. कलम पक्कं, पण काडीच हापूसची नाही. पानं पाहून जात सांगणाऱ्यांवर भिस्त ठेवू नका. इथे फक्त कलम कुठून घेतो ते बघायचं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या आणि कृषी खात्याच्या रोपवाटिकांतून मातृवृक्ष, म्हणजे काडी ज्या झाडाची ते झाड, माहीत असलेली कलमं मिळतात. खासगी रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून परवान्याचा कायदा आहे. परवाना क्रमांक विचारा आणि बिलावर फळाचं नाव, जात आणि ‘कलम’ की ‘रोप’ हे शब्द लिहून घ्या. टेम्पोवाला ‘कलम’ हा शब्द लिहून द्यायला तयार नसेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पिशवीही तपासा. दांडा धरून हलकेच वर उचला. माती आणि दांडा एकत्र उचलले गेले तर मुळं पिशवीत धरलेली आहेत. दांडा मातीत सैल हलला तर ते रोप जमिनीतून उपटून आदल्या दिवशी पिशवीत भरलेलं आहे.

लाखो रुपये किलोच्या ‘मियाझाकी’ आंब्याची कलमंही आता गावोगाव येतात. मियाझाकी हा जपानमधला प्रांत आहे. तिथे हरितगृहात वाढवतात ती जात अर्विन, मूळची अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. तिथला भाव हा तिथली निगा, रंग, वजन आणि गोडीच्या कडक प्रतवारीचा आणि लिलावाचा आहे. कलम अगदी अस्सल निघालं तरी आपल्या गडग्याच्या आत तो भाव उगवणार नाही.

आंब्यात निदान रायवळ तरी हाती लागतं. रातांबा (कोकम) आणि जायफळात काहीच लागत नाही, आणि याची जाण फार कमी घरांत आहे. दोन्हींमध्ये नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि नर-मादी कळतं ते फुलं आल्यावर, म्हणजे सहा ते आठ वर्षांनी. परसात दोनच रोपं लावली आणि दोन्ही नर निघाली, असं सहज घडतं. म्हणून दोन्हींचं मादी कलमच मागायचं, रातांब्यात ‘कोकण अमृता’सारख्या जातीचं. जायफळाच्या बागेत परागासाठी आठ-दहा मादी झाडांमागे एक नर लागतो, तेव्हा एकटंच मादी कलम लावणार असाल तर शेजारपाजारच्या वाडीत नर झाड आहे का तेही पाहा. रातांब्याच्या कलमात आणखी एक मेख आहे. काडी उभ्या फांदीची असेल तर झाड सरळ वाढतं, आडव्या फांदीची असेल तर ते झुडपासारखं पसरतं. विकणाऱ्याकडे दोन्ही एकाच भावात असतात, उभ्या काडीचं निवडा.

नारळात बहुतेक वेळा साधा, उंच वाढणारा बाणवलीच ‘तीन वर्षांचा बुटका संकर’ म्हणून खपवतात. बाणवली चांगला माड आहे, पण तो सहा-सात वर्षांनी धरतो आणि चांगल्या निगेत वर्षाला ऐंशी-शंभर नारळ देतो. चारशे नारळांची भाषा करणाऱ्याकडून रोप घेऊ नका. ऑरेंज डॉर्फ ही बुटकी जात म्हणून देत असेल तर पानाचा देठ पाहा, तो नारिंगी हवा. हिरव्या देठाचं रोप ऑरेंज डॉर्फ नव्हे. कोणतीही जात असो, नऊ ते बारा महिन्यांचं, पाच-सहा पानांचं आणि बुंध्याशी निदान दहा सेंटिमीटर घेर असलेलं रोप घ्या. उंच पण काडीसारखं बारीक रोप सावलीत वाढलेलं असतं.

माड साफ करायला आलेला माणूस शेंड्यात पांढरी पूड टाकून ‘भुंग्याचं औषध’ म्हणून माडामागे पैसे घेतो, हाही जुना प्रकार आहे. पुडीवर नाव नाही, कंपनी नाही, मात्रा नाही. गेंड्या भुंग्याचा उपद्रव असेल तर नवी पानं उलगडताना पंख्यासारखी कातरलेली दिसतात. त्याला भोकातून तारेच्या आकड्यानं बाहेर काढायचं आणि वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत प्रत्येकी एक डांबरगोळी ठेवून वर बारीक वाळू टाकायची. दर ४५ दिवसांनी पुन्हा. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, तो खड्डा उपसला नाही तर शेंड्यात काहीही टाकून उपयोग नाही. माडावर चढण्यासाठी खोडाला खाचा मारू देऊ नका. त्या जखमांच्या वासानं सोंड्या भुंगा येतो, आणि तो एकदा आत शिरला की माड वाचवणं कठीण.

नवीन बंगल्यांच्या लॉनमध्ये पैसे मोठे जातात आणि फसवणूक मातीपासून सुरू होते. माती ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मातीची उंची फुटांत मोजा, गुणा आणि शंभरनं भागा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, अडीच फूट उंच भरला तर दीड ब्रास होतो, सांगणारा दोन सांगतो. एक हजार चौरस फुटांवर सहा इंच थर द्यायला पाच ब्रास लागतात. गाडी रिकामी होण्याआधी टेप लावा, ढीग ओतल्यावर वाद घालता येत नाही.

‘लाल सुपीक माती’ हेही शब्द ऐकून भुलू नका. लाल रंग लोहाचा आहे, सुपीकतेचा नाही. चर खणताना निघालेला जांभ्याचा मुरूम लालच दिसतो. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवून रात्रभर ठेवा. तळाशी खडे आणि वाळूचाच जाड थर बसला, वर गढूळ गाळ नावापुरता आणि तरंगणारा काडीकचरा काहीच नाही, तर तो मुरूम आहे. गांडूळ खतालाही हीच परीक्षा. त्यात माती मिसळलेली असेल तर ती तळाला वेगळी बसते. खत ओलं करून वजनावर विकतात, म्हणून मूठ दाबून पाहा. पाणी ठिबकता कामा नये.

गवताच्या लाद्या लावण्याआधी एक लादी उलटी करा. मुळांत काळपट गाठी आणि वर तिकोनी दांड्याची पाती दिसली तर तो लव्हाळा. दांडा दोन बोटांत फिरवला की तीन कडा हाताला लागतात, गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो. लव्हाळा एकदा आला की नुसता उपटून जात नाही, गाठ खाली राहते आणि आठवड्यात परत फुटते. त्यावर ‘तणनाशक मारून देतो’ म्हणणारा बहुधा ग्लायफोसेट मारतो, त्यात लव्हाळ्याबरोबर लॉनही पिवळं पडून जातं. आंब्या-फणसाच्या दाट सावलीत ‘सावलीचं गवत’ लावून देणाऱ्यालाही नकार द्या. पाच-सहा तास ऊन नसलं तर पावसाळ्यातच शेवाळ चढतं. ऐन जुलैच्या झडीत लाद्या अंथरू नका, खालची माती वाहून जाते. नारळी पौर्णिमेनंतर पावसाचा जोर कमी झाला की लावा आणि उतार अंगणाबाहेर ठेवा.

मोहर येत नाही म्हणून आंब्याच्या बुंध्यात बेनामी द्रावण ओतणारेही फिरतात. बहुतेकदा ते पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे वाढ रोखून मोहर आणणारं औषध, असतं किंवा नुसतं रंगीत पाणी. खऱ्या औषधाची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला तीन मिली, वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट, आणि तेही दहा वर्षांवरच्या सशक्त झाडालाच. विस्तार न मोजता सगळ्या झाडांना सारखं ओतणारा माणूस तुमचं झाड खुंटवून जाईल.

आधीच फसला असाल, परसात सहा-सात वर्षांचं रायवळ किंवा नर रातांबा उभा असेल, तर मुळासकट तोडू नका. मुळं तयार आहेत, त्यांवर जात बदलता येते. आंब्याचं खोड फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीपासून तीन फुटांवर तिरकं कापा. कापावर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात केलेली बोर्डो पेस्ट लावा. घरापुरती शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि एक लिटर पुरते. मोरचूद लोखंडी भांड्यात विरघळवू नका, प्लास्टिकची बादली घ्या. धुमारे फुटले की चहूबाजूंचे चार-पाच जोमदार ठेवून बाकीचे काढा. पावसाळ्यात ते तांबूस, कोवळे असतानाच माहितीतल्या हापूसच्या काड्या त्यांवर पाचर पद्धतीनं बांधून घ्या. बांधणारा कसबी हवा आणि काडी त्या झाडावरून तुमच्या डोळ्यांसमोर कापलेली हवी. रातांब्यावरही फळणाऱ्या मादी झाडाची काडी अशीच बांधतात. जी एखादी काडी सुकेल, तिच्या जागी पुढच्या पावसाळ्यात नव्या धुमाऱ्यावर पुन्हा बांधता येते.