१,२६,५०० रुपयांचं लाल टोपण: 'बिग ब्रेक किट'ने मला कसं गंडवलं

आधी आकडे, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. फोर-पॉट कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा भाग, इथे चार पिस्टनचा) जोडी ६८,००० रुपये. ३४५ मिमी ड्रिल्ड डिस्कची जोडी २४,०००. 'रेसिंग' पॅड ९,५००. स्टील ब्रेडेड होज (पोलादी जाळीत गुंडाळलेली ब्रेक ऑइलची नळी) ७,०००. ब्रेक ऑइल २,०००. फिटिंग ६,०००. 'सर्टिफिकेट' १०,०००. एकूण १,२६,५००. त्यातले ४०,००० यूपीआयने आणि ८६,५०० रोख. रोख दिले तर जीएसटी लागणार नाही, असं गॅरेजवाला म्हणाला. अशा वेळी आपण सगळे जे म्हणतो तेच मी म्हटलं. हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं, पुढे जागा नाही.

बदल्यात मिळालं ते असं. मूळ कॅलिपर जागच्या जागी, त्यावर सिलिकॉनने चिकटवून वायरने आवळलेलं लाल टोपण, त्यावर चार पिस्टनचे फुगवटे आणि एका नामवंत कंपनीचं नाव. हे टोपण बाजारात दोन-अडीच हजाराला जोडी मिळतं. डिस्क माझ्याच. होय, माझ्याच गाडीच्या, लेथवर घासून, भोकं पाडून, मधला भाग सोनेरी रंगवून मलाच २४,००० ला विकल्या.

गरज मात्र खोटी नव्हती, आणि 'हौस करायला गेला, बरं झालं' म्हणणाऱ्यांसाठी हा परिच्छेद. गाडी २०१७ ची स्कॉर्पिओ. टायर २३५/६५ आर १७ चे २६५/६५ आर १७ केलेले. व्यास ७३७ मिमीवरून ७७६ वर जातो, म्हणजे ५.३ टक्के जास्त. तेवढ्याच पेडलला जमिनीवरचा ब्रेक तेवढाच कमी लागतो, आणि स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ वर असते. त्यात पुढे लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर, सात माणसं, सामान. असा अडीच टनांचा ऐवज ताशी ८० वरून थांबवायचा तर ब्रेकला साधारण ६ लाख जूल उष्णता गिळावी लागते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी हजार मीटरहून जास्त खाली येते. तिथे तीच उष्णता २.४ कोटी जूलच्या पुढे जाते, म्हणजे ८० वरून चाळीस वेळा थांबण्याइतकी. काही वाटा इंजिन उचलतं, बाकी सगळा डिस्कवर आणि ड्रमवर. पेडल लांब जाऊ लागलं होतं, वास येत होता. अशा गाडीला ब्रेक सुधारायला जाणारा माणूस मूर्ख नसतो.

आता जिथे कळायला हवं होतं ती जागा. हे लिहिताना अजून कान तापतात. गाडी ताब्यात घेताना चाकं लावलेली होती. मी रिम आणि कॅलिपर यांच्यामधून बोट घालून पाहिलं. दोन बोटं आरामात गेली. मी खूश झालो, की बघा, कुठे घासत नाही!

१७ इंची चाकाच्या आत मोकळी जागा जेमतेम ४०० मिमीच्या आसपास असते. ३४५ मिमीची डिस्क, म्हणजे त्रिज्या १७२.५, त्यावर कॅलिपरच्या पाठीचे पंचवीस-तीस मिमी धरा. झाले दोनशे. दुप्पट केलं की ४००. ही डिस्क १७ इंचात बसलीच तर घासत बसेल, बहुतेक बसणारच नाही, म्हणूनच असल्या किटसोबत १८ इंची चाक मागतात. दोन बोटं जातात याचा अर्थ एकच, की डिस्क ३४५ ची नाही. हे गणित मला येत होतं. दुसऱ्यांना मी ते समजावलेलं आहे. त्या क्षणी लाल रंग बघत होतो.

आणि दुसरी गोष्ट, जुने पार्ट. मागितले तेव्हा 'भंगारवाला घेऊन गेला' म्हणाला. जाणार कुठे, गाडीलाच तर लावले होते!

'चालवून पाहिलं नाही का' हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर नीट लिहून ठेवतो. पाहिलं. आणि ब्रेक खरोखर चांगला लागला. जुनं, पाणी शोषलेलं ऑइल काढून ताजं भरलं, हवा नीट काढली, फुगणाऱ्या रबरी होजच्या जागी ब्रेडेड होज लावला आणि मागच्या ड्रमचे लायनर अ‍ॅडजस्ट केले, तर कुठल्याही गाडीचं पेडल वर येतं आणि कडक लागतं. एवढं त्याने केलं होतं. याचा खर्च चार आकडी. नेमक्या याच कामावर सगळा धंदा उभा आहे: पायाला फरक जाणवतो, डोळ्याला लाल दिसतं, चाक खोलून कोण बघतो? पेडल कडक लागणं आणि ब्रेकची उष्णता झेलायची ताकद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गल्लीत कळते, दुसरी फक्त लांब उतारावर.

उतारावर ती कळलीच. टोपणामुळे कॅलिपरला वारा लागत नाही, उष्णता आत कोंडते, सिलिकॉन सुटतं आणि टोपण रिमला घासू लागतं. चाक उतरवल्यावर पंक्चरवाल्या पोराने 'साहेब, हे स्टिकर आहे का?' असं विचारलं.

डिस्क कशी ओळखायची ते लिहितो, हे कुणी सांगत नाही. व्हेंटिलेटेड डिस्कच्या दोन तबकड्यांमध्ये पाती असतात. कारखान्यात पाडलेली भोकं पाती चुकवून पाडलेली असतात आणि त्यांच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात. गावठी ड्रिलिंगमध्ये भोक पात्यावरच येतं. भोकात टॉर्च मारून बघा, कापलेलं पातं दिसतं. कडा धारदार असतात, आणि तिथूनच तडे सुरू होतात. बाहेरच्या कडेला झिजेचा ओठ असेल आणि त्यावर रंग असेल, तर ती डिस्क नवी नाही. शेवटी वर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावा: किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. माझ्या डिस्क त्या जाडीपेक्षा ०.६ मिमी पातळ होत्या. म्हणजे मूळ ब्रेकपेक्षा वाईट ब्रेक घेऊन मी पोराबाळांसह घाट उतरत होतो, आणि त्यासाठी पैसे मोजले होते.

पॅडच्या कडेला छापलेल्या कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं थंड पॅडचं घर्षण, दुसरं तापलेल्याचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. माझ्या 'रेसिंग' पॅडवर ईई निघालं. ९,५०० रुपयांना! अस्सल रेसिंग पॅडही घरच्या गाडीला नकोतच. ते थंड असताना नीट धरत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना कुणाचे ब्रेक तापलेले नसतात. एफएफ किंवा चांगल्या कंपनीचा एफजी घ्या, विषय संपला.

होज तेवढे नवे होते, पण त्यांवर कुठलाही छाप नाही, ना कंपनी, ना मानक, ना तारीख. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर जुनेच परत लावलेले, एका बाजूने ऑइल पाझरत होतं. वॉशर दर वेळी नवे हवेत. त्याला काही मोठा खर्च येत नाही.

तो खराखुरा मोठा कॅलिपर लावून देतो म्हणाला असता, तरी एक प्रश्न विचारायचा: पिस्टनचा व्यास किती? पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ मूळ कॅलिपरपेक्षा बरंच वाढलं तर तोच मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) तेवढं ऑइल ढकलू शकत नाही, पेडल लांब जातं. पुढचा ब्रेक जास्त आणि मागे तोच ड्रम, म्हणजे पुढची चाकं आधी लॉक व्हायला बघणार आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) उगाच मध्ये येणार. ज्याला व्यास माहीत नाही त्याच्याकडून ब्रेक घेऊ नका. माझ्यावाल्याने 'सर, इम्पोर्टेड आहे' असं उत्तर दिलं होतं. आणि ब्रेम्बोच्या अस्सल अपग्रेड किटसोबत सीलबंद पाकिटात स्क्रॅच कोडचं कार्ड येतं, कोड त्यांच्या साइटवर तपासता येतो. पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे.

१०,००० चं सर्टिफिकेट हा वेगळाच विनोद. त्यावर 'एआरएआय अप्रूव्ड' छापलंय. पुण्याची एआरएआय वाहन उत्पादकांच्या गाड्या आणि सुटे भाग तपासते. कोपऱ्यावरच्या गॅरेजने तुमच्या एका गाडीत केलेल्या फिटिंगला ती असा कागद देत नाही. असा कागद दिसला की उठून चालू लागा.

आता सरकारी पाहुणचार. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: 'हा दिवाणी मामला आहे.' टोपणाला कॅलिपर म्हणून विकणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे. मग दुसरं वाक्य: 'गॅरेज आमच्या हद्दीत नाही.' भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, खबर घ्यावीच लागते. हे सांगितल्यावर साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि तिसरं वाक्य आलं: 'गाडीत बदल करणं गुन्हा आहे, आधी तुमच्यावरच केस होईल.' मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि १८२अ मलाही माहीत आहे, बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण साहेब, बदल झालाच नाहीये, तीच तर तक्रार आहे! गाडीला कंपनीचाच कॅलिपर आहे, कंपनीचीच डिस्क आहे. यावर 'मग तुमचं नुकसान काय झालं?'

सायबरवाल्यांकडे गेलो, यूपीआयचे ४०,००० होते म्हणून. 'ओटीपी दिला का? लिंक दाबली का? मग सायबर कसलं?' परिवहनच्या खिडकीवर सांगितलं की गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही, अर्ज घेतला पण पोच देईना. कराच्या कार्यालयात बिनबिलाच्या रोखीची तक्रार द्यायला गेलो, तर 'तुम्हीही त्यात आलात' असं हसून सांगण्यात आलं. रस्त्यावर जाळीच्या बंपरसाठी अडवायला चार जण असतात. निकामी डिस्क विकणाऱ्याला विचारायला एक टेबल सापडत नाही. उद्या त्या डिस्कचा तुकडा उडून घाटात कुणी गेलं, की मग पंचनाम्याला सगळे हजर, आणि त्यात लिहिणार 'चालकाचा ताबा सुटला'.

ठाण्यात घेत नसतील तर तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना पाठवा, रजिस्टर पावती जपा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. ग्राहक आयोगाचा रस्ता त्यापेक्षा बरा: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांची मुदत आहे, त्याआधी सल्ल्याला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. मी तोच धरलाय. पुरावा मात्र आधी लागतो. चाक उतरवतानाचा सलग व्हिडिओ, वर्निअरचा आकडा फोटोत, आणि टोपण स्वतः उपटू नका, दुसऱ्या गॅरेजकडून लेखी तपासणी करूनच काढा. माझं मी रागात उपटलं, आता वकील त्यावरूनच बोलतोय.

ज्यांना खरंच ब्रेक सुधारायचेत त्यांनी या क्रमाने जावं. मागचे लायनर आणि अ‍ॅडजस्टर आधी बघा, पेडल लांब जाण्याचं कारण बऱ्याचदा जाम अ‍ॅडजस्टर हेच असतं. मग ब्रेक ऑइल, 'डॉट' हा त्याचा दर्जा: डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ हे २३० ला, डॉट ५.१ हे २६० ला. पाणी शोषलं की डॉट ४ सुद्धा १५५ वर येतं, म्हणून दोन वर्षांनी बदला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते एबीएसच्या गाडीत अजिबात नको. मग कंपनीच्या नव्या साध्या डिस्क, चांगले पॅड, छाप असलेले होज. पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा दाबा, पूर्ण थांबू नका, नंतर हँडब्रेक न ओढता गार होऊ द्या. आणि टपावरचं कॅरिअर उतरवा. फुकट आहे.

तो गडी नाव बदलून दुसऱ्या रस्त्यावर बसलाय. 'फेस्टिव्हल ऑफर ९९,०००, रोख', आणि जाहिरातीत फोटो माझ्याच चाकाचा.