लॅपटॉप स्लो होता म्हणून फोन केला आणि बाबांच्या खात्यातून ८६,००० गेले

हे लिहायच्या आधी बाबांना विचारलं, ते म्हणाले माझं नाव नको, बाकी सगळं लिही. आमच्या कॉलनीत बहुतेक सगळे रिटायर्ड, आणि जवळजवळ प्रत्येकाकडे मुलाने नवीन घेतल्यावर घरी ठेवलेला एक जुना लॅपटॉप आहे, त्यामुळे ही वेळ कुणावरही येऊ शकते.

बाबा सातारला असतात, मी पुण्यात. त्यांचा लॅपटॉप म्हणजे ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. चालू केला की डेस्कटॉप दिसेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. सोसायटीचा हिशोब आणि पेन्शनर लोकांची पत्रं, एवढंच त्यांचं काम, त्यामुळे कुरकुरत का होईना चाललं होतं.

मग एकदा कुठल्यातरी साईटवर पीडीएफची वर्ड फाईल करायला गेले, तिथे आलं की तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा. दाबलं. त्या अलाऊने रोबोट-बिबोट काही तपासलं जात नाही, त्या साईटला तुमच्या स्क्रीनवर नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते. त्यानंतर रोज उजव्या कोपऱ्यात खाली "५ व्हायरस सापडले", "तुमचं प्रोटेक्शन संपलं" असं यायला लागलं, आणि बघणाऱ्याला वाटतं लॅपटॉपच सांगतोय. त्यातल्या एकावर क्लिक झालं आणि पूर्ण स्क्रीन निळी, मायक्रोसॉफ्टचा लोगो, भोंगा वाजतोय, एक बाई बोलतेय की लॅपटॉप बंद करू नका सगळा डेटा जाईल, आणि मधोमध मोठ्या अक्षरात फोन नंबर.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या वॉर्निंगमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे त्यांनी स्वतः जाहीर केलेलं आहे. नंबर दिसला म्हणजे ती खोटी. एस्केप बटण दाबून धरा, नाही गेली तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून सरळ लॅपटॉप बंद करा. काही होत नाही.

बाबांनी नंबर लावला. समोरचा माणूस हिंदीत, अतिशय अदबीने, दर वाक्याला सर. त्याने पैशाचं नावसुद्धा काढलं नाही, आधी विश्वास बसवला, आणि तो कसा बसवला ते नीट वाचा कारण त्यांचं सगळं काम त्याच्यावरच चालतं. त्याने बाबांना काळी कमांडची विंडो उघडायला लावली, एक कमांड टाईप करायला लावली, भली मोठी यादी धावत गेली आणि शेवटी एक लांबलचक नंबर आला, ८८८डीसीए६० असा सुरू होणारा. म्हणाला सर हा तुमच्या लॅपटॉपचा युनिक लायसन्स नंबर आहे, मी आमच्या रेकॉर्डमधून वाचतो तुम्ही टॅली करा. आणि शेवटपर्यंत बरोबर वाचला! बाबा मला म्हणाले, अरे तो नंबर माझ्यासमोर होता आणि तो तिकडून वाचत होता, खोटा कसा म्हणू. मी पुण्यात माझ्या लॅपटॉपवर तीच कमांड टाकली तर अक्षर न् अक्षर तोच नंबर. विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तो सारखाच असतो, आणि या ठगांकडे तो कागदावर लिहिलेला असतो.

एवढं झाल्यावर एनीडेस्क टाकायला सांगितलं, म्हणजे लांब बसून दुसऱ्याचा लॅपटॉप चालवायचं सॉफ्टवेअर. ते सॉफ्टवेअर वाईट नाही, आमच्या ऑफिसात आयटीवाले तसंच काहीतरी रोज वापरतात, पण अनोळखी माणसाला त्याचा कोड देणं म्हणजे तिजोरीसकट घर त्याच्या ताब्यात देणं. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच या प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल लाल एररची यादी दाखवली, हे बघा सर इन्फेक्शन. तुमच्याही लॅपटॉपवर आत्ता उघडून बघा, अगदी नव्या कोऱ्या मशीनवरसुद्धा लाल एरर सापडतील, कुठला प्रिंटर सापडला नाही, कुठली सर्व्हिस उशिरा सुरू झाली, असल्या फालतू नोंदी असतात त्या. मग दुसरी एक यादी दाखवली, तिच्यात फॉरेन ॲड्रेस असं लिहिलेलं असतं, म्हणाला परदेशातले हॅकर तुमच्याशी जोडलेले आहेत. फॉरेन म्हणजे तिथे फक्त पलीकडचं मशीन, तुम्ही जी साईट उघडली तिचा सर्व्हर.

४,९९९ रुपये यूपीआयने गेले, तीन वर्षांचा सिक्युरिटी प्लॅन म्हणून. त्याने टेम्पररी फाईली उडवल्या, आपोआप सुरू होणारे चार प्रोग्राम बंद केले, लॅपटॉप जरा हलका झाला, आणि त्यामुळे बाबा खूशच होते. मला सांगण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही. एनीडेस्क मात्र तसंच राहिलं.

खरा घाव नंतर. पुन्हा फोन आला, सर आमची शाखा बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत, नेट बँकिंग उघडा. उघडल्यावर स्क्रीन काळी झाली, म्हणे सर्व्हरवरून रिफंड प्रोसेस चालू आहे, मोबाईलवर रिफंड कोड येतील ते सांगत जा. ते मेसेज बाबांच्या फोनमध्ये अजून आहेत. पहिल्यात सरळ लिहिलंय की हा ओटीपी नवीन बेनिफिशिअरी (पैसे पाठवायचं नवीन खातं) जोडण्यासाठी आहे, कुणालाही सांगू नका. पण इंग्रजी, बारीक अक्षर, आणि कानाशी माणूस घाई करतोय, सर जल्दी, सेशन टाइमआउट हो जाएगा. अशा वेळी कुणीही आकडेच वाचतो. दोन वेळा मिळून ८६,००० गेले. हे वाचून कुणाला वाटत असेल की शिकलेल्या माणसाला कळू नये का, तर त्यांनी एकदा तरी तो फोन स्वतः ऐकावा, ही माणसं दिवसभर हेच करतात, घाबरवणं आणि धीर देणं दोन्ही त्यांना जमतं.

काळी स्क्रीन गेली की बाबांनी बॅलन्स बघितला आणि मला फोन केला. मी आधी वायफायचं बटण बंद करायला सांगितलं, मग बँकेत फोन करून नेट बँकिंग ब्लॉक, आणि लगेच १९३०. हा सायबर फ्रॉडचा देशभराचा नंबर आहे. खाते नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर विचारतात, बँकेच्या मेसेजमध्ये किंवा स्टेटमेंटमध्ये मिळतो, समोर घेऊनच फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात तिसऱ्यात पळवले जातात, ते वाटेत अडले तरच अडतात, म्हणून उद्या बघू म्हणायचं नाही. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पण टाकली. बँकेने मात्र ओटीपी तुम्हीच सांगितला म्हणून हात वर केले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तसंच आहे, ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवलेली वेळ आणि तक्रार नंबर लिहून ठेवा.

लॅपटॉप मी घरी आणला. डिफेंडरचा, म्हणजे विंडोजमधल्याच अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावला, तो विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो म्हणून लपलेलंही सापडायची शक्यता जास्त. व्हायरस एकही नाही! टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के, बस, म्हातारी हार्ड डिस्क एवढाच रोग. तरी परक्या माणसाने हात लावलेला म्हणून स्क्रीनशॉट काढून, फाईली बाजूला ठेवून, जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकली आणि विंडोज कोरं टाकलं, पासवर्ड सगळे दुसऱ्या फोनवरून बदलले. एसएसडी त्या प्लॅनच्या पैशापेक्षा कमीत आली. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी बघाच, ओळखीची नसलेली प्रत्येक साईट काढून टाका. आणि होमपेज आपोआप बदलतंय, डिफेंडर बंद होऊन चालूच होत नाही, असं काही असेल तर मात्र खरोखर मालवेअरचा संशय घ्या, सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर फुकट टूल्स आहेत.

पैशांपैकी काही रक्कम पुढच्या एका खात्यात होल्ड झालीय, ती कोर्टाच्या ऑर्डरने मिळेल असं सांगितलंय, बाकीची गेली. आणि आता बाबांना नवीन फोन यायला लागलेत, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, फाईल चार्ज भरा. फसलेल्यांचे नंबर यांच्यात फिरत असतात वाटतं. पोलीस पैसे परत द्यायला फी मागत नाहीत. बाबांनी स्वतः तो नंबर सरकारच्या संचार साथी साईटवरच्या चक्षूवर, म्हणजे संशयास्पद फोन कळवायच्या सोयीवर, रिपोर्ट केला, आणि शेजारच्या काकांना पण ते कसं करायचं दाखवून आले.